सल्लागाराच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका

नोंदणी बंद व्हायला दोन दिवस उरले की शैक्षणिक सल्लागाराच्या दाराबाहेर रांग लागते. आत जाणारा जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "सर, पुढच्या सेमिस्टरला कोणते विषय घेऊ?" बाहेर आणखी दहा जण ताटकळत असतात. मग सल्लागारही जागा शिल्लक असलेले चार-पाच विषय सांगतात आणि पुढच्याला बोलावतात. चूक कळते ती दीड वर्षाने, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घ्यायला गेल्यावर. त्यासाठी आधी पूर्ण हवा असलेला विषय घ्यायचाच राहून गेलेला असतो.

यात कामचुकारपणा कुणाचाच नसतो. भेट चुकीच्या वेळी झालेली असते आणि समोर कागद नसतो. पुढच्या सगळ्या सेमिस्टरांचा कच्चा आराखडा विद्यार्थ्याने करायचा, तो सल्लागाराने तपासायचा, आणि जे ठरेल ते लिहून ठेवायचं, एवढी विभागणी पाळली तर वीस मिनिटांच्या भेटीतही खूप काम होतं. ती कशी पाळायची ते पुढे दिलं आहे.

सल्लागाराकडे काय मागायचं

काही महाविद्यालयांत विभागातले प्राध्यापकच सल्लागार असतात, काही ठिकाणी फक्त याच कामासाठी नेमलेले लोक असतात. प्राध्यापकाला विषयाची खोली माहीत असते: कोणता विषय कशासाठी उपयोगी, कोणत्या वाटेने उच्च शिक्षणाकडे जाता येतं. पूर्णवेळ सल्लागाराला नियम तोंडपाठ असतात. तुमचे सल्लागार यांपैकी कोण, हे पहिल्याच भेटीत समजून घ्या. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न असेल तर तो कुणाला विचारायचा, हेही त्यांनाच विचारून ठेवा.

अभ्यासक्रमाचे नियम, विषयांचा क्रम, नोंदणीचा भार, शाखा बदलणं, विषय सोडणं, पुन्हा देणं, सवलतीचा (एखाद्या नियमातून सूट मागण्याचा) अर्ज, ही सल्लागाराची कामं. एखादं प्रकरण समजत नसेल तर त्या विषयाच्या शिक्षकांकडे जा. शुल्क आणि शिष्यवृत्तीचं शेवटचं उत्तर लेखा किंवा शिष्यवृत्ती विभाग देतो. झोप उडाली असेल, वर्गात बसवत नसेल, तर समुपदेशक हवा. तरीही कुठे जायचं ते कळत नसेल तर सल्लागाराचंच दार आधी ठोठवा. योग्य माणसापर्यंत पोचवणं हेही त्यांच्याच कामात येतं.

आणि एक गोष्ट सल्लागार करत नाहीत: निर्णय घेणं. कागदावर त्यांची सही लागत असली तरी पदवीची जबाबदारी विद्यार्थ्याचीच असते. बहुतेक संस्थांच्या नियमपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. "सरांनी सांगितलं म्हणून घेतला" हे कारण पदवी अडली की चालत नाही.

आराखडा: शेवटाकडून सुरुवातीकडे

तीन कागद समोर घ्या: तुमच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेली अभ्यासक्रम पुस्तिका, आजवरची गुणपत्रकं आणि पुढच्या काही सेमिस्टरांत कोणते विषय शिकवले जाणार त्याची यादी. पुस्तिका कोणत्या वर्षाची, हे नीट पाहा. नियम दर थोड्या वर्षांनी बदलतात आणि सहसा विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वर्षाचे नियम लागतात. संकेतस्थळावर मात्र नवी पुस्तिका सगळ्यात वर असते. चुकीच्या पुस्तिकेवर केलेला आराखडा कितीही सुबक असला तरी वाया जातो.

आता मुख्य विषयाच्या अटी, सर्वांना सक्तीचे विषय आणि ऐच्छिक विषय अशा तीन याद्या करा. झालेल्या विषयांवर काट मारा. इथे एक फसवी जागा आहे. विषय पास झाला म्हणजे त्याचे क्रेडिट (पदवीसाठी मोजली जाणारी, प्रत्येक विषयाला ठरवून दिलेली एककं) एकूण बेरजेत धरले जातात, पण ते एखाद्या अटीत बसतातच असं नाही. शाखा बदललेल्यांच्या किंवा दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. बेरीज भरलेली दिसते आणि मुख्य विषयाच्या यादीत दोन जागा रिकाम्या राहतात. म्हणून प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या अटीत धरला गेला ते लिहा. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. ही प्रश्नचिन्हंच भेटीत विचारायची.

मग साखळ्या शोधा. 'हा घ्यायचा तर तो आधी पूर्ण हवा' अशी अट असलेले विषय एकामागोमाग बाणाने जोडा. समजा चार विषयांची साखळी आहे, क-ख-ग-घ, आणि त्यानंतर प्रोजेक्ट. प्रोजेक्ट सातव्या सेमिस्टरला करायचा असेल तर उलटं मोजत या: घ सहाव्याला, ग पाचव्याला, ख चौथ्याला, क तिसऱ्याला. आता त्यात ग हा विषय फक्त विषम सेमिस्टरला शिकवला जातो असं धरा. क घ्यायला एकाच सेमिस्टरचा उशीर झाला, तो चौथ्याला घेतला, तर ख पाचव्याला होतो. सहाव्याला ग मिळत नाही, म्हणून तो सातव्याला, घ आठव्याला आणि प्रोजेक्ट नवव्याला जातो. उशीर एका सेमिस्टरचा, फटका दोन सेमिस्टरांचा. आठ सेमिस्टरांची पदवी असेल तर ती इथेच लांबली.

म्हणून आराखड्यात साखळीचे विषय सर्वात आधी भरा. त्यानंतर वर्षातून एकदाच मिळणारे. ऐच्छिक विषय शेवटी, उरलेल्या जागांत. बरेच विद्यार्थी नेमकं उलटं करतात, कारण ऐच्छिक विषय आवडीचे असतात आणि साखळीची सुरुवात बहुधा गणितासारख्या नकोशा विषयाने होते.

आणखी दोन बारकावे. काही विषयांना नुसतं पास होणं पुरत नाही, पुढचा विषय घेण्यासाठी ठरावीक श्रेणी लागते. आणि काही विषय 'सोबत घेतला तरी चालेल' अशा अटीचे असतात. ती अट नीट वाचली तर साखळी एका सेमिस्टरने आखूड होऊ शकते.

किती विषय झेपतील

हा प्रश्न हिंमतीचा नाही, तासांचा आहे. क्रेडिट म्हणजे शेवटी वेळेचं माप. युरोपातल्या ईसीटीएस या सामाईक क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे दोन तास असा जुना हिशेब आहे. तिथल्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. आठ सेमिस्टरांत ते संपवायचे तर दर सेमिस्टरला १५ पडतात, म्हणजे आठवड्याला ४५ तास.

आता त्यात २० तासांची नोकरी मिळवा. ६५ तास झाले, आणि प्रवास, स्वयंपाक, आजारपण अजून धरलेलंच नाही. अशा वेळी सल्लागार भार कमी करायला सांगतात तेव्हा ते विद्यार्थ्याला कमी लेखत नसतात. पण त्याचीही किंमत आहे. दर सेमिस्टरला १५ ऐवजी १२ क्रेडिट घेतले तर आठ सेमिस्टरांत ९६ होतात, २४ उरतात, म्हणजे याच वेगाने आणखी दोन सेमिस्टर. दोन्ही बाजू कागदावर मांडून मग ठरवा.

भार कमी करण्याआधी 'पूर्णवेळ विद्यार्थी' कुणाला म्हणतात हे जरूर पाहा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, व्हिसा यांतलं काहीतरी त्या व्याख्येला बांधलेलं असतं. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी करणाऱ्याला नेहमीच्या सेमिस्टरमध्ये किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. त्याखाली जायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी लागते. आधी विषय सोडून मग विचारायला गेलं की प्रकरण हाताबाहेर जातं. शैक्षणिक सल्लागाराने "सोड" म्हटलं तरी ही मंजुरी वेगळीच घ्यावी लागते.

भेट ठरवताना

नोंदणी सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधीची वेळ मागा. तेव्हा पुढच्या सेमिस्टरचे विषय बहुधा जाहीर झालेले असतात आणि रांग लागलेली नसते. वर्षातून किमान दोन भेटी हव्यात. पहिल्या वर्षाला, शाखा बदलताना किंवा गुण घसरले असताना जास्त.

मेल असा लिहा:

"नमस्कार मॅडम, मी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नोंदणी क्रमांक अमुक. पुढच्या सेमिस्टरचा आणि पदवीपर्यंतचा कच्चा आराखडा सोबत जोडला आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत: संख्याशास्त्राचा विषय पुढच्या सेमिस्टरला न घेता त्यानंतर घेतला तर प्रोजेक्ट अडेल का, आधीच्या महाविद्यालयातले दोन विषय कोणत्या अटीत धरले आहेत, आणि १८ क्रेडिटचा भार घ्यावा का. मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी दोननंतर वीस मिनिटं मिळतील का?"

एवढं पुरे. नोंदणी क्रमांक दिल्याने सल्लागार आधीच नोंदी उघडून पाहू शकतात. प्रश्न आधी कळल्याने उत्तर शोधून ठेवता येतं. "जरा बोलायचं होतं" एवढाच मेल आला तर भेटीचा निम्मा वेळ विषय कोणता हे कळण्यातच जातो. पण गोष्ट खाजगी असेल तर तपशील लिहू नका. "थोडी व्यक्तिगत अडचण आहे, समोर बसून सांगेन" असं लिहिलं की सल्लागार वेळही जास्त राखून ठेवतात.

वीस मिनिटांत काय बोलायचं

सर्वात महत्त्वाचा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत विचारा. संकोचापोटी विद्यार्थी सोपे प्रश्न आधी विचारतात आणि उठता उठता, दाराशी, खरी गोष्ट सांगतात: "आणि सर, मला ही शाखाच सोडावीशी वाटतेय." तोवर पुढचा विद्यार्थी आत आलेला असतो.

प्रश्नाची मांडणी बदलली की उत्तर बदलतं. "हा विषय घेऊ का?" याचं उत्तर हो किंवा नाही. "हा घेतला तर पुढे कोणती दारं उघडतात, आणि नाही घेतला तर कोणती बंद होतात?" याचं उत्तर उपयोगी. "हा विषय अवघड आहे का?" यापेक्षा "यात विद्यार्थी कुठे अडकतात?" विचारा. "माझ्या आराखड्यात सर्वात कच्ची जागा कोणती?" हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा असा आहे.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टेरी ओबॅनियन यांनी १९७२ मध्ये सल्ल्याचे पाच टप्पे मांडले होते: आयुष्यात काय हवं त्याचा शोध, कामधंद्याचा शोध, अभ्यासक्रमाची निवड, विषयांची निवड आणि शेवटी वेळापत्रक. हा क्रम आजही कामाचा आहे. केबिनबाहेरची रांग थेट पाचव्या टप्प्यावर उभी असते. वेळापत्रकाच्या प्रश्नात वारंवार अडकायला होत असेल, एकही विषय घ्यावासा वाटत नसेल, तर अडचण बहुधा पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर असते. ती तिथेच बोलायला हवी, आणि त्यासाठी नोंदणीचा आठवडा सोडून वेगळी भेट ठरवावी.

काही गोष्टी सांगायला जड जातात: नोकरी करावी लागते, घरी कुणी आजारी आहे, गेल्या सेमिस्टरला महिनाभर वर्गातच गेलो नाही. सगळा तपशील द्यायची गरज नसते, पण आठवड्याला किती तास अभ्यासाला मिळतात हे खरं सांगा. सल्लागाराला गुण दिसतात, त्यामागचं कारण दिसत नाही. कारण माहीत नसेल तर ते "मेहनत कमी पडतेय" असं समजून त्याच दिशेने सल्ला देतील.

भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवा: आज काय ठरलं, मी काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, तुम्ही कोणती गोष्ट तपासून सांगणार. "चुकीचं समजलो असेन तर कळवा" ही शेवटची ओळ. तोंडी सल्ल्याचा पुरावा राहत नाही. सल्लागार बदलतात, रजेवर जातात, आणि दोन वर्षांनी "तो विषय चालेल असं मला सांगितलं होतं" याला आधार म्हणून हा मेलच उरतो. सवलत मिळाली असेल तर मेलवरही थांबू नका. ती अधिकृत नोंदीत चढली का, ते महिन्याभरात स्वतः पाहा. मंजूर झालेली सवलत नोंदीत न चढल्यामुळे पदवी अडते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण तोवर सगळं नीट झालेलं असतं.

गुण घसरले तर

विद्यार्थी नेमके इथेच भेट टाळतात. लाज वाटते, आणि पुढच्या सेमिस्टरला भरून काढू असं मनाशी ठरवलेलं असतं. भरून निघेल का, हे आकड्यांत पाहायला हवं. समजा १० पैकी श्रेणी मोजली जाते, ६० क्रेडिट झाले आहेत, सरासरी ५.८ आहे आणि ६.५ हवी आहे. पुढच्या सेमिस्टरला २० क्रेडिट आहेत. झालेले गुणांक ६० गुणिले ५.८, म्हणजे ३४८. हवेत ८० गुणिले ६.५, म्हणजे ५२०. फरक १७२, तो २० ने भागला की ८.६. म्हणजे आजवर ५.८ ने चाललेल्या विद्यार्थ्याला एकदम ८.६ काढावे लागतील. तेच दोन सेमिस्टरांत वाटलं तर १०० गुणिले ६.५ म्हणजे ६५०, त्यातून ३४८ वजा जाता ३०२ उरतात, ४० क्रेडिटवर सरासरी ७.५५. अवघड आहे, पण माणसाच्या आवाक्यातलं आहे. हा हिशेब सल्लागारासोबत बसून करा, आणि एखादा विषय पुन्हा दिला तर जुनी श्रेणी पुसली जाते की दोन्हींची सरासरी धरतात, हे विचारा. नियम संस्थेप्रमाणे वेगळा असतो आणि त्यावर सगळं गणित फिरतं.

विषय सोडण्याच्या दोन तारखा असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पहिली तारीख सुरुवातीच्या आठवड्यांतली: तेव्हा सोडलेला विषय सहसा गुणपत्रकावर दिसतच नाही. दुसरी सेमिस्टरच्या मध्याला किंवा त्यानंतर: तेव्हा विषय सोडल्याची खूण गुणपत्रकावर राहते, सरासरीला बहुधा धक्का लागत नाही, पण शुल्क परत मिळतंच असं नाही. दोन्ही तारखा वर्गाच्या पहिल्याच दिवशी कॅलेंडरात लिहून ठेवा. वर्गात जाणं बंद केलं म्हणजे विषय सुटला, असा समज करून घेऊ नका. अर्ज केला नाही तर तिथे नापासच लागतं.

मध्यावधी परीक्षेचे गुण आले की त्याच आठवड्यात सल्लागाराला भेटा. तेव्हा हातात तीन वाटा असतात: शिकवणी घेऊन टिकून राहणं, विषय सोडणं, किंवा कारण खरोखर गंभीर असेल तर विषय अपूर्ण ठेवून नंतर पुरा करण्याची परवानगी मागणं. शेवटच्या आठवड्यात यांतली एखादीच उरते.

सल्लागारांसाठी

विद्यार्थी येण्याआधी पाच मिनिटं त्याची नोंद उघडून पाहा. समोर बसवून पडदा चाळत राहिलं की त्याला आपण नुसता क्रमांक आहोत असं वाटतं. सुरुवात "काय काम आहे?" अशी करू नका. "गेल्या वेळी संख्याशास्त्राची धास्ती होती, कसं चाललंय?" या एका वाक्याने पुढची वीस मिनिटं मोकळी होतात. त्यासाठी मागच्या भेटीच्या दोन ओळी लिहून ठेवाव्या लागतात. तारीख, काय विचारलं, काय सुचवलं, कुणाकडे पाठवलं, एवढ्याच ओळी. त्यात स्वभावाबद्दल शेरे नकोत. ही नोंद उद्या दुसरं कुणी वाचू शकतं, खुद्द विद्यार्थीही.

माहीत नसेल तर अंदाजाने सांगू नका. "तपासून शुक्रवारपर्यंत कळवतो" म्हटल्याने सल्लागाराचा मान कमी होत नाही. चुकीचं उत्तर ठामपणे दिलं तर त्याची भरपाई विद्यार्थी एका वाढीव सेमिस्टरने करतो. दुसरीकडे पाठवताना नुसतं खोलीचं नाव सांगू नका. कुणाला भेटायचं, काय विचारायचं, कोणता कागद न्यायचा ते सांगा, आणि विद्यार्थी घाबरलेला असेल तर तिथे स्वतः फोन लावा.

घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यापुढे 'क्रेडिट', 'ऐच्छिक', 'पूर्वअट' हे शब्द धडाधड वापरले तर तो मान डोलावतो आणि काहीच न कळता बाहेर पडतो. "कळलं का?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. त्याऐवजी "आता बाहेर गेल्यावर पहिलं काय करशील, सांग बरं" असं विचारा.

मतभेद झाला तर

सल्लागार म्हणतात दुहेरी शाखा (एकाच वेळी दोन मुख्य विषय) झेपणार नाही, विद्यार्थ्याला ती करायचीच आहे. अशा वेळी नियम आणि मत वेगळं करा. "हे नियमात बसत नाही का, की तुम्हाला माझ्यासाठी धोक्याचं वाटतं?" हे आदराने विचारता येतं. नियम असेल तर तो कुठे लिहिला आहे ते पाहा, आणि सवलतीचा अर्ज करता येतो का ते विचारा. मत असेल तर त्यामागचं कारण ऐका, एका सेमिस्टरची चाचणी ठरवा आणि कोणते गुण आले तर पुढे जायचं हे आधीच लिहून ठेवा. दोनदा-तीनदा प्रयत्न करूनही सूर जुळत नसेल, मेलला उत्तर येत नसेल, तर विभागप्रमुखांकडे सल्लागार बदलून मागता येतो. मागताना तक्रारींचा पाढा न वाचता "माझा कल अमुक विषयाकडे आहे, त्या क्षेत्रातलं कुणी मिळेल का?" एवढंच म्हटलं तरी बहुधा काम होतं.

पदवी संपायच्या दोन सेमिस्टर आधी एक भेट फक्त तपासणीसाठी ठेवा. संस्थेची अधिकृत पदवी तपासणी, म्हणजे कोणत्या अटी पूर्ण झाल्या आणि कोणत्या राहिल्या याची यादी, छापून घ्या, स्वतःच्या तीन याद्यांशी ओळीओळीने ताडून पाहा, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे सल्लागारासमोर बोट ठेवा. दोन सेमिस्टर शिल्लक असताना सापडलेली रिकामी जागा एका विषयाने भरते. पदवीच्या अर्जाची शेवटची तारीखही याच भेटीत विचारून घ्या. काही ठिकाणी ती शेवटचं सेमिस्टर सुरू होण्याआधीच उलटून गेलेली असते.